साहेब झोपलेत

तिला सगळी गल्ली सुईवाली म्हणायची. खरं नाव होतं, पण लॅबच्या हजेरीपटाबाहेर ते फारसं कुणाच्या तोंडी नव्हतं. चौकातल्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये ती कामाला होती, आणि ज्या आजाऱ्यांना जिना उतरवत नाही त्यांच्या घरी सकाळी सकाळी पिशवी घेऊन जायची. पिशवीत सुया, काचेच्या नळ्या, कापूस, स्पिरिटची बाटली आणि दंडाला बांधायचा रबरी पट्टा. हात हलका होता. म्हातारी माणसं म्हणायची, "डास चावला तरी कळतं बाई, तुझी सुई कळत नाही." तरीही हात पुढे करताना बहुतेक लोक तोंड भिंतीकडे फिरवायचे. "मी या गावातल्या निम्म्या माणसांचे नुसते कानच ओळखते," असं ती स्वतःच हसून सांगायची.

तिचं लग्नाचं वय वडिलांच्या आजारपणात निघून गेलं होतं. वडिलांची एक बाजू लुळी पडली ती पडलीच. ते गेले तेव्हा तिची चाळिशी जवळ आली होती आणि राहायला एक खोली होती, तिच्यात एक खाट, एक शेगडी, एक खुर्ची. "माझं मला बरं आहे," असं ती सांगायची, आणि ते इतकं ठासून सांगायची की दुसऱ्यांदा कुणी विचारायला धजत नसे.

लॅबपासून जवळच, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर वाइंडिंगवाला राहायचा. जळलेल्या पंख्यांना आणि पंपांना नवी तांब्याची तार गुंडाळून द्यायचं त्याचं दुकान खालीच होतं. त्याची बायको अंथरुणाला खिळली होती. दुखणं रक्ताचंच, त्यामुळे एक-दोन दिवसाआड तपासणी लागायची आणि सुईवालीला तिथे जावं लागायचं. घरात शिरायच्या आधी ती दारात जरा थांबायची, कारण अशा घरांमध्ये सगळे कुजबुजत बोलतात. पण हे घर तसं नव्हतं. बिछान्यातली बाई तिला बघितलं की म्हणायची, "आलात? या. उरलंय थोडंफार, घेऊन जा. पण माझ्यासाठीही ठेवा हं."

"निम्मं निम्मं करू," सुईवाली म्हणायची, आणि दोघी हसायच्या.

दाराआड थोरली मुलगी उभी असायची, नऊ-दहा वर्षांची. तिला घरात ताईच म्हणायचे, कारण धाकटा तिला ताई म्हणे. तो चार वर्षांचा, अंगाने एवढासा, म्हणून त्याचं नाव टिल्लू पडलेलं. ताई काय ऐकते, कशी बघते, याकडे तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं. लक्ष जायचं ते कुत्र्याकडे. तपकिरी, एक कान उभा, एक पडलेला, कुठल्याच जातीचा नाही असा कुत्रा. बाईंनीच त्याला पिल्लू असताना बाजाराच्या पिशवीतून घरी आणलं होतं. सकाळी उशिरा उठायचा, हाक मारली तर यायचा नाही, जेवण समोर ठेवलं तर आधी बराच वेळ त्याकडे तुच्छतेने बघायचा. म्हणून बाईंनी त्याचं नाव साहेब ठेवलं. मग नावाला शोभेल असं बोलणंही आलं. साहेब फिरायला गेलेत, साहेब रागावलेत, साहेबांनी चप्पल खाल्ली. बाई आजारी पडल्यापासून साहेब बिछान्याच्या पायथ्याशी बसून असायचे आणि सुईवालीने पिशवी उघडली, स्पिरिटचा वास सुटला, की दात दाखवायचे.

मग एके सकाळी लॅबमध्ये निरोप आला, की तिसऱ्या मजल्यावर आता जायला नको. तिने त्या दिवशी बाकीची सगळी घरं केली. संध्याकाळी खोलीवर येऊन खुर्चीत बसली ती दिवा लावायचंही तिला सुचलं नाही.

वर्ष उलटलं आणि मुलांची आत्या लॅबमध्ये आली. वाइंडिंगवाल्याची ही थोरली बहीण, दुसऱ्या गावी राहणारी, बोलायला सडेतोड. सुईवालीला वाटलं तपासणीसाठी आली असेल. तिने बाही वर करायला सांगितलं.

"रक्त नको काढायला, बोलायचंय," आत्या म्हणाली. "माझ्या भावाला पंखे फिरवता येतात, घर नाही. पोरं दूध-पावावर दिवस काढताहेत. तुम्ही ते घर बघितलंय, माणसं बघितलीत. नाही म्हणालात तरी मला राग नाही. पण विचार करा."

तिने विचार केला. वाइंडिंगवाल्याबद्दल मनात काही होतं म्हणावं तर तसं नव्हतं. गरीब गाईसारखा माणूस, बोटांवर तारेचे चरे, बोलणं मोजकं. पण एक गोष्ट तिच्या मनातून जात नव्हती. त्या घरात एक बाई मरणाला टेकली होती तरी तिथे हसण्याचा आवाज होता. हिच्या खोलीत सगळे धडधाकट होते, म्हणजे ती एकटी, आणि हसत कुणीच नव्हतं. तिने होकार दिला. कचेरीत जाऊन दोघांनी सह्या केल्या. गल्लीत बोलणारे बोललेच. "आधी बाईचं रक्त नेलं, मग नवरा नेला," असं कुणीतरी म्हणालं, आणि ते फिरत फिरत तिच्या कानावरही आलं.

साहेबांनी तिला दारातच अडवलं. पुढचे पाय ताठ करून, घशातल्या घशात गुरगुरत.

"साहेब, बाजूला व्हा," वाइंडिंगवाला म्हणाला.

साहेब हलले नाहीत. शेवटी टिल्लूने त्यांना पट्ट्याला धरून मागे ओढलं तेव्हा नवी नवरी घरात शिरली. ती काय ते समजली. दुसऱ्या दिवसापासून तिने पिशवी लॅबमध्येच ठेवायला सुरुवात केली. कामावरून निघताना कपडे बदलायची, हात कोपरापर्यंत साबणाने दोनदा घासायची. पण कुत्र्याचं नाक ते. वास कातडीत मुरलेला होता.

मुलांनी तिला मावशी म्हणायचं ठरलं. टिल्लू लवकर रुळला. त्याला कुणीतरी हवंच होतं, बुटाची नाडी बांधायला, दात पडला तर दाखवायला. ताईचं वेगळं होतं. ती उलट बोलायची नाही, कामाला नाही म्हणायची नाही, शाळेत पहिली-दुसरी यायची. पण मावशीने वाढलेलं जेवण ती असं जेवायची जसं आपण परक्याच्या घरी जेवतो. एकदा मावशी तिची वेणी घालायला बसली आणि ताईने मान काढून घेतली.

"ओढलं का केस?" मावशीने विचारलं.

"नाही."

"मग?"

ताई खाली बघत म्हणाली, "तुम्ही आईचं रक्त न्यायचात. आई म्हणायची, माझ्यासाठी थोडं ठेवा. तुम्ही ठेवलं नाहीत."

मावशीच्या हातातला कंगवा हातातच राहिला. "अगं, ते आम्ही गमतीने बोलायचो. एका वेळी दोन चमचेसुद्धा नसतं ते. तपासायला लागतं तेवढंच."

"रोज दोन चमचे," ताई म्हणाली आणि उठून गेली.

ही गोष्ट तिने नवऱ्याला सांगितली नाही. पोरीच्या मनात काय बसलंय ते कळलं, पण ते काढायचं कसं हे काही कळलं नाही. पुस्तकातलं समजावून सांगता येतं. पण आईच्या तोंडून ऐकलेलं आणि त्यानंतर आई गेलेली, ते कसं समजावणार? तिने वाट बघायचं ठरवलं. वाट बघणं तिला चांगलं जमायचं.

त्याच वर्षी एकदा सगळे जेवायला बसले होते. टिल्लू शाळेतलं काहीतरी सांगत होता. गोष्ट रंगात आली आणि तो म्हणाला, "आणि मग आई, तो मुलगा पाण्यातच पडला." आई म्हणाला ते त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. मावशीला कळलं. तिचा घास तोंडाशीच थांबला. ताईने पाण्याचा पेला खाली ठेवला, उठली, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. टिल्लू एकदा दाराकडे बघे, एकदा बापाकडे. वाइंडिंगवाला म्हणाला, "जेव तू." त्यानंतर टिल्लूच्या तोंडून तो शब्द पुन्हा निसटला नाही. मावशी म्हणताना तो आता जरा जपूनच म्हणायचा. तिने भांडी घासताना स्वतःला बजावलं, एकदा ऐकायला मिळालं, पुष्कळ झालं. पण पुष्कळ झालं नव्हतं.

साहेबांना सकाळी फिरवायचं काम हळूहळू तिच्याकडे आलं, कारण बाकी कुणी उठत नसे. साहेब पट्टा लावू द्यायचे, पण सोबत चालायचे नाहीत. चार पावलं पुढे, मान दुसरीकडे, जणू हिची आपली ओळख नाही. गल्लीतला दूधवाला म्हणायचा, "आज साहेबांनी कुणाला फिरायला आणलंय?" ती हसायची. पट्ट्याला ओढ बसली की तेवढ्यापुरतं दोघांना एकमेकांचं भान यायचं, बस्स.

ताई तेरा-चौदा वर्षांची असताना शाळेत चक्कर येऊन पडली. ताप उतरेना. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. मावशीने लॅबमधल्या दुसऱ्या एका बाईला घरी बोलावलं. पोरीला आपल्या हाताने सुई लावायची तिची छाती होईना. त्या बाईंनी एकदा टोचलं, दुसऱ्यांदा टोचलं. तापाने सुकलेली शीर सापडेना. ताईचे डोळे भरून आले होते, पण ती ओठ आवळून पडली होती. तिसऱ्यांदा सुई पुढे आली तशी ती म्हणाली, "थांबा. मावशी, तुम्ही घ्या."

मावशी पुढे झाली. तिने पोरीचा दंड बांधला, बोटाने कोपराची खळगी चाचपली, पुन्हा चाचपली. सुई लावली. ताईने तोंड फिरवलं नाही. ती नळीकडे बघत राहिली. काळपट लाल रेघ हळूहळू वर चढली आणि थांबली.

"एवढंच?" ताईने विचारलं.

"एवढंच."

"आईचंही एवढंच घ्यायचात?"

"एवढंच, बाळा."

ताईने डोळे मिटले. मिटलेल्या पापण्यांखालून पाणी कानाकडे ओघळलं. साहेब खाटेखाली पडून होते. स्पिरिटचा वास घरभर पसरला होता, पण त्या दिवशी ते गुरगुरले नाहीत. ताप साधाच निघाला, आठवड्यात उतरला. नंतर काही ताई धावत येऊन तिच्या गळ्यात वगैरे पडली नाही. पण शाळेतून आल्यावर ती स्वयंपाकघराच्या दारात टेकून उभी राहू लागली. कधी एखादी गोष्ट सांगायची, कधी नुसती उभी राहायची. मावशीला तेवढ्याने दिवस गोड व्हायचा. आता लागेल हळूहळू सगळं मार्गी, असं तिला वाटायला लागलं होतं.

आणि वाइंडिंगवाला गेला. दुपारी दुकानात बसला होता, मांडीवर अर्धी तार गुंडाळलेला पंखा होता. शेजारचा सायकलवाला चहाला बोलवायला आला तर हा मान खाली घालून बसलेला. सायकलवाल्याला आधी वाटलं, कामात आहे.

आत्या आली आणि राहिली. तिने घर सांभाळलं, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलली, मुलांना जवळ घेऊन झोपली. ती वाईट बाई नव्हती, हे इथे सांगायलाच हवं. सगळं उरकल्यावर एका दुपारी ती मावशीसमोर बसली.

"मी मुलांना घेऊन जाते म्हणते. माझं घर मोठं आहे, शाळा जवळ आहे, भावंडं आहेत त्यांना तिथे. तू दिवसभर कामाला. पोरगी वयात आलेली. तुझ्यावर कशाला एवढा भार? शेवटी रक्ताचं ते रक्ताचं."

मावशीने आयुष्यभर रक्तच हाताळलं होतं. त्यात नातं कुठे असतं ते तिला कधी दिसलं नव्हतं. पण तिने हे बोलून दाखवलं नाही. ती म्हणाली, "मुलांना विचारा."

मुलांना विचारलं. ताई खिडकीजवळ उभी होती. तिने मावशीकडे पाहिलं, बरंच पाहिलं. मावशीने मान खाली घातली. आपल्या चेहऱ्याकडे बघून पोरीने काही ठरवू नये, असं तिला वाटलं.

"आम्ही आत्याकडे जातो," ताई म्हणाली. टिल्लू बहिणीचा हात धरून उभा होता.

आत्याच्या घरी कुत्रा चालण्यातला नव्हता. तिच्या सुनेला दम्याचा त्रास. टिल्लू रडला तो साहेबांसाठी. गाडीत बसताना त्याने मावशीला पुन्हा पुन्हा बजावलं, की साहेबांना दूध गरम लागत नाही, कोमट लागतं, आणि कान खाजवताना पडलेला आधी खाजवायचा. मावशीने सगळं लक्षात ठेवते म्हणून सांगितलं. हे सगळं ती गेली कित्येक वर्षं करतच होती.

साहेब दारात जाऊन बसले ते बसले. जिन्यावर पाऊल वाजलं की उभा कान हलायचा. खाणं सोडलं. मावशीने दूध कोमट करून ठेवलं, भात ठेवला, अंडं ठेवलं. साहेब बघेनात. शेवटी एका दुपारी तिने आपलं ताट घेतलं आणि जमिनीवर त्यांच्या शेजारी फतकल मारली.

"मलाही जात नाही घास," ती त्यांना म्हणाली. "पण मरून कसं चालेल? रविवारी फोन येईल, साहेब जेवले का विचारतील. काय सांगू?"

ती जेवू लागली. थोड्या वेळाने साहेबांनी आपल्या भांड्यात तोंड घातलं. त्या दिवसापासून दोघं दारातच जेवायची. फिरायला गेले की साहेब आता पुढे चालत नसत. म्हातारपण आलं होतं, पाय अडखळायचे. चालताना त्यांचं अंग तिच्या पिंढरीला लागायचं. स्पिरिटच्या वासाचं त्यांना काही वाटेनासं झालं होतं. कदाचित नाकच गेलं असेल. मावशीने तसं मानलं नाही.

फोन रविवारी सकाळी यायचा. टिल्लू म्हणायचा, "साहेबांना फोन दे."

ती फोन साहेबांच्या उभ्या कानाला लावायची. पलीकडून टिल्लू काय काय बोलायचा. साहेबांचा श्वास जोरात चालायचा, शेपटी फरशीवर आपटायची. मग टिल्लू विचारायचा, "काय म्हणतायत?"

"म्हणतायत, अभ्यास कर. आणि गणितात काय दिवे लावलेत ते सांग."

टिल्लू हसायचा. ती साहेबांच्या वतीने प्रश्न विचारायची आणि पलीकडून उत्तरं मिळायची. ताई कुठे आहे, खोकला गेला का, थंडीचे कपडे पुरतात का. स्वतःच्या नावाने विचारलं असतं तर तिला संकोच वाटला असता. साहेबांना कशाचाच संकोच नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात साहेब एके सकाळी उठलेच नाहीत. डोळे उघडे होते, तिला बघत होते, पण मागचे पाय गेलेले. तिने त्यांना चादरीत गुंडाळून उचललं आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं, मान हलवली आणि म्हणाले, "वय झालंय. घरी न्या, जवळ बसा." ती घरी घेऊन आली, जवळ बसली. आधी पडलेला कान खाजवला, मग उभा. दुपार कलता कलता त्यांनी एकदा मोठा श्वास घेतला आणि ते थांबले. लॅबच्या मागच्या भिंतीशी थोडी मोकळी माती होती. वॉचमनने खड्डा खणला. ती साहेबांना चादरीसकट उचलून घेऊन गेली.

पहिल्या रविवारी फोन आला तेव्हा टिल्लूची परीक्षा चालू होती. "साहेबांना दे," तो म्हणाला.

"साहेब झोपलेत रे," ती म्हणाली. "रात्रभर जागे होते."

परीक्षा संपली. पुढच्या रविवारी तिने खरं सांगायचं ठरवलं होतं. वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. पण टिल्लूचा आवाज ऐकला आणि तिच्या तोंडून निघालं, "आत्ताच डोळा लागला त्यांचा." मग ते तसंच चालू राहिलं. कधी साहेब झोपलेले, कधी गच्चीवर उन्हात पडलेले, कधी रुसलेले. टिल्लू निरोप द्यायचा, ती निरोप घ्यायची. फोन ठेवला की तिला स्वतःची लाज वाटायची, आणि पुढच्या रविवारची ओढही लागायची.

पावसाळा संपत आला होता तेव्हा एका दुपारी दार वाजलं. बाहेर ताई उभी होती. उंच झालेली, खांद्याला पिशवी. तिने दारातून आत पाहिलं. भांडं नव्हतं, चटई नव्हती, खुंटीवर पट्टा तेवढा होता.

"कधी?" तिने विचारलं.

मावशी दाराला धरून उभी राहिली. "उन्हाळ्यात. तू बस तरी."

ताई बसली. मावशीने पाणी दिलं, चहा ठेवला.

"सांगितलं का नाहीत?"

"फोन साहेबांसाठी यायचा," मावशी म्हणाली. तिची पाठ ताईकडे होती. "ते गेले म्हटल्यावर कुणासाठी आला असता?"

चहाचा कप हातात घेऊन ताई बराच वेळ त्यात बघत राहिली. मग म्हणाली, "टिल्लूला पहिल्याच दिवशी कळलं. तुम्ही फोन उचललात की शेपटी आपटायची ना, साहेब झोपलेले असले तरी, ती ऐकू यायची आम्हाला. त्या दिवशी आली नाही. तो माझ्याकडे आला नि म्हणाला, ताई, साहेब गेले, मावशी खोटं सांगते आहे. कुणाला बोलू नकोस."

"मग तो विचारत का राहिला?"

"तो म्हणाला, विचारायचं थांबवलं तर मावशीला खरं सांगावं लागेल. मग ती रडेल. आणि ती तिथे एकटी आहे."

मावशीने पदर तोंडाला लावला. ताई उठून तिच्या शेजारी उभी राहिली, जवळ, पण हात न लावता. मग तिने दोन्ही कप घेतले आणि नळाखाली धुतले. ते धुवायला तिने खूप वेळ घेतला.

नंतर दोघी लॅबच्या मागे गेल्या. मातीवर गवत उगवलं होतं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. ताई थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "संध्याकाळची बस गाठायला हवी. आत्याला मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगून आलेय."

बसथांब्यावर गर्दी होती. बस लांबून वळणावर दिसली तेव्हा ताई अचानक म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही एकदाही राहा म्हणाला नाहीत."

मावशीला काय ते लगेच कळलं. "म्हटलं असतं तर राहिली असतीस?"

"मला माहीत नाही," ताई म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "पण टिल्लू राहिला असता. तो गाडीत शेवटपर्यंत मागे बघत होता. त्याला वाटलं, तुम्हाला आम्ही नको होतो."

बस आली. माणसं पुढे सरकली. मावशी काहीतरी म्हणाली, पण ते तिचं तिलाच ऐकू आलं नाही. ताईने पायरीवर चढून मागे वळून पाहिलं, हात वर केला. खिडकीतून ती दिसते का ते मावशी शोधत होती, तेवढ्यात बस हलली.

त्या रविवारी फोन आला. तिने टिल्लूने विचारायच्या आतच सांगून टाकलं, "टिल्लू, साहेब गेले रे."

"माहितीये," तो म्हणाला. "मावशी, मी तरीही करीन फोन."

आणि त्याने केला. सायकलचा ब्रेक, गणिताचे मास्तर, आत्याच्या नातवाची खोडी, काहीबाही सांगायचा. तुम्ही मला हवे होतात, राहा म्हणायला हवं होतं, हे वाक्य तिने प्रत्येक रविवारी जुळवून ठेवलं. ब्रेकच्या आणि मास्तरांच्या गोष्टीत ते कुठे घालावं हे तिला कधी उमगलं नाही. पुढे टिल्लू शिकायला आणखी लांब गेला, मग नोकरीला लागला. रविवारचा फोन महिन्यावर गेला, महिन्याचा कधीमधी. यात त्याचा दोष नव्हता. मोठं झालं की असंच होतं. ताईचं लग्न झालं तेव्हा तिला बोलावणं होतं. ती गेली, मागच्या रांगेत बसली आणि जेवून परत आली. कुणीतरी ताईला विचारलं, या कोण, तेव्हा ताई म्हणाली, "आमची मावशी." खोटं काहीच नव्हतं त्यात.

ती अजून त्याच लॅबमध्ये आहे. डोळ्यांना चष्मा लागलाय, जिने चढताना दम लागतो, पण हात अजून हलका आहे. सुईची भीती घालवायला आजारी बायका तिच्याशी काहीबाही बोलतात. एखादी विचारते, "तुम्हाला मुलं किती?"

"दोन," ती म्हणते.

"अरे वा. इथेच असतात का?"

तेव्हा ती रबरी पट्टा जरा घट्ट करते. "मूठ आवळा," ती म्हणते, "आणि हलू नका."